मेगापिक्सेल, नॉइज आणि शेजारी ठेवलेले दोन फोटो

मेगापिक्सेल वाढले की अंधारातल्या फोटोत रवाळ ठिपके, म्हणजे नॉइज, वाढतोच, असं इंटरनेटवर छातीठोकपणे सांगितलं जातं. पुरावा म्हणून सोनीच्या १२ मेगापिक्सेलच्या ए-सेव्हन-एसचा आणि ३६ मेगापिक्सेलच्या ए-सेव्हन-आर या कॅमेऱ्याचा फोटो पडद्यावर शंभर टक्के आकारात शेजारी ठेवतात. गफलत तिथेच होते. फुल एचडी पडद्यावर साधारण २० लाख पिक्सेल मावतात. म्हणजे पहिल्या फोटोचा सहावा भाग दिसतो, दुसऱ्याचा जेमतेम अठरावा. दुसरा जास्तच मोठा करून पाहिल्यावर ठिपके उठून दिसणारच! दोन्हींचा सेन्सर एकाच मापाचा आहे. छपाईही एकाच मापाची केली, तर फरक बराचसा ओसरतो; फार वरच्या आयएसओला (प्रकाशसंवेदनशीलतेच्या सेटिंगला) ए-सेव्हन-एस थोडा पुढे राहतो, इतकंच.

कुणी म्हणेल, फोटो डोळ्यांसमोर असताना शंका कशाला? फोटो खरेच असतात, तुलनेच्या अटी मात्र झाकलेल्या असतात. त्या तपासायला ग्राहकानं प्रयोगशाळा कुठून आणायची, हा आक्षेप रास्त आहे. पण तुलना मांडणाऱ्या लेखकानं आयएसओ, शटर, ॲपर्चर सांगितलंय का, मूळ रॉ फाइल उतरवून घ्यायला दिली आहे का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. यातलं काहीच नसेल, तर त्या मजकुराच्या भरवशावर कॅमेरा घेऊ नका.