पेशीच्या देवडीवरचा निरोप



विळीवर बोट कापते. चार-आठ दिवसांत नवी कातडी येते, जखम भरते, आणि भरली की वाढ थांबते. जखम भरते याचे सर्वांनाच नवल; मला स्वतःला वाढ वेळेवर थांबते याचे अधिक वाटते. पेशीला ‘वाढ’ आणि ‘पुरे’ हे सांगते कोण?

या प्रश्नाचा धागा अमेरिकेत सेंट लुईस येथे सापडला, तोही आडवाटेने. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन विदुषीबरोबर स्टॅन्ली कोहेन मज्जातंतूंची वाढ घडविणाऱ्या द्रव्याचा शोध घेत होते. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडणारे त्यांचे डोळे सातव्याच दिवशी उघडले! दुसरा एखादा ही नोंद वहीत करून पुढे गेला असता. कोहेन तेथेच थबकले. हे करणारे द्रव्य वेगळे काढल्याचे त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. ते अवघ्या ५३ ॲमिनो आम्लांचे एक प्रथिन. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

परंतु हा वृद्धिघटक आपला निरोप स्वतः आत नेत नाही. जुन्या वाड्यात परका माणूस थेट माजघरात जात नसे. देवडीवरचा गडी निरोप घेई आणि आत पोचवी. पेशीच्या आवरणात असाच एक ‘ग्राही’ रेणू आरपार रोवलेला असतो. बाहेरच्या टोकाला वृद्धिघटक चिकटला की दोन ग्राहींची जोडी जमते, आणि आतली टोके एकमेकांवर फॉस्फेटची खूण करतात. त्या खुणेला आतली प्रथिने येऊन लागतात व निरोप हातोहात केंद्रकापर्यंत जातो. पेशी विभागू लागते. पुढे तो ग्राहीच आत ओढला जातो आणि पुष्कळदा मोडून टाकला जातो. ‘पुरे’ म्हणण्याची ही एक रीत.

आता गडीच बिघडला तर? १९८४ साली असे दिसले की, कोंबड्यांत रक्तपेशींचा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूतील जनुक म्हणजे याच ग्राहीची मोडकी नक्कल आहे. निरोप घेणारे बाहेरचे टोक जवळजवळ सगळे नाहीसे. आतले मात्र अखंड ओरडते आहे.

स्तनाच्या कर्करोगात निराळा प्रकार. शंभरांतील सुमारे १५ ते २० रुग्णांत ‘हर-टू’ या भावंड-ग्राहीची पेशीवर भलतीच दाटी होते. त्याच्या बाहेरच्या टोकाला धरून बसणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ साली मान्य झाले. ते अशाच गाठींसाठी आहे, आणि देताना हृदयावरही लक्ष ठेवावे लागते. घरात कोणाची अशी गाठ निघाली असेल, तर तपासणीच्या कागदावर ‘हर-टू’पुढे काय लिहिले आहे, हे डॉक्टरांना संकोच न करता विचारा.