लघुव्यवसायातील यंत्रे : खर्च, निगा आणि सुरक्षितता

(अल्लीपूर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा येथे गावातील व्यावसायिक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंत्राची किंमत म्हणजे दुकानदाराने पावतीवर लिहिलेली रक्कम, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. पीठगिरणी असो, डाळ भरडण्याचे यंत्र असो, वेल्डिंगचा संच असो की नागरिकांचे दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रातील संगणक असो, कर्जाचा अर्ज त्या रकमेपुरताच भरला जातो, अनुदानही त्या रकमेवरच मिळते आणि उद्घाटनाचा नारळही त्याच दिवशी फुटतो. त्यानंतरच्या वर्षांत त्या यंत्राला लागणारी वीज, पट्टे, बेअरिंग, शाई, बॅटऱ्या, कारागिराची मजुरी आणि यंत्र बंद राहिल्यामुळे बुडालेला धंदा यांचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. आज मी मुख्यतः या न ठेवलेल्या हिशेबाविषयी बोलणार आहे.

वर्धा जिल्ह्यात हा विषय मांडावयाचा तर दूरच्या उदाहरणांची गरज नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्या काळातील लाख रुपये म्हणजे काय, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. गांधीजींच्या प्रेरणेने ठरलेल्या त्या स्पर्धेच्या अटी आजही प्रत्येक लघुउद्योजकाने वाचाव्यात अशा आहेत. यंत्र वजनाने हलके असावे आणि खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने चालविता यावे. स्त्रीला फारसे श्रम न होता ते सलग आठ तास चालविता यावे. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६ हजार फूट सूत निघावे. यंत्र भारतात १५० रुपयांच्या आत तयार व्हावे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती याच्या पुढची अट : वेळच्या वेळी निगा राखल्यास यंत्र किमान वीस वर्षे चालले पाहिजे आणि त्याचे भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होता कामा नये.

पाच टक्के म्हणजे दीडशे रुपयांच्या यंत्रावर वर्षाला साडेसात रुपये. स्पर्धा लावणाऱ्यांनी यंत्र किती काम करील एवढेच विचारले नाही. ते कोण चालविणार, कोठे चालणार, किती वर्षे टिकणार आणि दरसाल किती खाणार, हे सर्व त्यांनी खरेदीपूर्वीच विचारले. महाराष्ट्रातही, किर्लोस्करवाडीस, या स्पर्धेसाठी यंत्र घडविण्याचा प्रयत्न झाला. परंतु सर्व अटी पूर्ण करणारे यंत्र कोणाकडूनही न आल्याने ते पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. अटी फार कडक होत्या असे कोणी म्हणेल. माझ्या मते त्या गावाच्या परिस्थितीइतक्याच कडक होत्या. पुढे १९३४ साली वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, १९३८ साली मगन संग्रहालय उघडले, आणि गावात चालणारे व गावातच दुरुस्त होणारे यंत्र हा विचार या जिल्ह्याच्या मातीत रुजला. आज मात्र संगणकाचे दरपत्रक मागविताना त्या पाच टक्क्यांची आठवण कोणास होत नाही.

आता एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एका केंद्रचालकापुढे दोन छपाईयंत्रे आहेत. पहिले ६ हजार रुपयांचे असून त्याला एका पानामागे शाईचा खर्च २ रुपये येतो. दुसरे १४ हजारांचे असून त्याचा खर्च पानामागे २० पैसे आहे. दररोज पन्नास पाने आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर १५ हजार पाने होतात. पहिल्या यंत्रावर शाईचे ३० हजार रुपये जातात, दुसऱ्यावर ३ हजार. खरेदीत वाचविलेले ८ हजार रुपये चार महिने पुरे होण्यापूर्वीच गेलेले असतात. पण हाच केंद्रचालक दिवसाला पाचच पाने छापीत असेल तर हिशेब बदलतो. वर्षभरातील फरक २,७०० रुपयांवर येतो आणि स्वस्त यंत्र घेण्यात वावगे काही राहत नाही. म्हणून शेजाऱ्याने काय घेतले हे पाहण्यापेक्षा आपल्या कामाचा आकार मोजून खरेदी करावी. ज्याच्या सुट्या भागांसाठी नागपूरला माणूस पाठवावा लागतो त्या यंत्राच्या किमतीत त्या फेऱ्यांचे भाडे आणि बंद दिवसांचे नुकसानही धरावे.

निगा राखण्याच्या बाबतीत जुन्या गिरणीवाल्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जात्याच्या तळ्या गुळगुळीत झाल्या की पीठ गरम निघते, विजेचा खप वाढतो आणि दळण घेऊन आलेल्या बाया कुरकुर करू लागतात. तेव्हा तळ्यांना टाकी लावावयाची असते. जाणता गिरणीवाला पीठ हातात घेऊनच ही वेळ ओळखतो. पट्ट्याचा आवाज, बेअरिंगची ऊब, मोटारीचा वास ही सूचनेचीच भाषा आहे. नव्या यंत्रांबाबत मात्र हा कान आपण अजून तयार केलेला नाही.

विजेविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडील बरीचशी यंत्रे कामाने झिजून मरत नाहीत, विजेने मरतात. तीन फेजच्या मोटारीचा एक फेज गेला तरी चालू असलेली मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांतून ती अधिक प्रवाह ओढते, तापते आणि वेटोळे जळते. हे टाळणारे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नावाचे उपकरण मोटार पुन्हा बांधून घेण्याच्या खर्चापुढे अगदीच स्वस्त आहे. असे असूनही पुष्कळ ठिकाणी ते बाजूला काढून, कपॅसिटर जोडून दोन फेजवर मोटार रेटली जाते. घाईच्या दिवशी हा मोह होतो हे मी समजू शकतो. त्याचे समर्थन मात्र करू शकत नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. आपली काळी कसदार जमीन उन्हाळ्यात आटते आणि तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल गेली की जमिनीशी असलेला विजेचा संबंध क्षीण होतो. नेमके त्यानंतरच, मे-जूनच्या वादळात, वीज कडाडते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नियमाने पाणी घालावे आणि वर्षातून एकदा जाणकार वीजतंत्र्याकडून अर्थिंग मोजून घ्यावे. वादळ दिसताच संगणकाचे नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवावा लागतो. यूपीएसच्या बॅटरीलाही ऊन मानवत नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण पंचवीस अंश तापमान धरून सांगितलेले असते, आणि त्यापुढे दर दहा अंशांमागे ते सुमारे निम्म्याने घटते. पंचेचाळीस अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेली बॅटरी कंपनीने सांगितलेली वर्षे टिकत नाही, यात नवल नाही. ती भिंतीच्या थंड बाजूस, हवा खेळेल अशी ठेवावी. याला पैसा लागत नाही.

संगणकाची निगा धूळ पुसण्याने संपत नाही. त्याच्या आत चालणाऱ्या प्रणालीलाही डागडुजी लागते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणक जखडले. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, उपलब्ध केली होती. ज्यांनी ती बसविली नाही त्यांना त्याचा मोठा फटका बसला. आपल्याकडे अनेक ठिकाणी अद्याप चालणाऱ्या विंडोज १० या प्रणालीचे नियमित मोफत साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. असा संगणक चालू राहतो, परंतु त्याच्या खिडक्यांना गज राहत नाहीत. चोरीच्या प्रतींवर चालणाऱ्या संगणकांची अवस्था तर याहून वाईट. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही मुक्त प्रणाली मराठीतही चालते आणि तिला परवाना-शुल्क नाही. मात्र बोटांचे ठसे घेणारे आपले उपकरण तिच्यावर चालते की नाही, हे आधी तपासून घ्यावे.

आता सुरक्षिततेकडे वळतो. लहान दुकानात चोरण्यासारखे काय आहे, असे आपण म्हणतो. सेवा केंद्राच्या संगणकात अर्ध्या गावाची आधारपत्रे, सातबारा, जातीचे दाखले आणि बँक-पुस्तकांची पहिली पाने साठलेली असतात. ही ठेव केंद्रचालकाची नव्हे, ती लोकांची आहे. ठशांच्या प्रतिकृती वापरून आधार-आधारित व्यवहारांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडलेले आहेत. म्हणून काम संपताच कागदांच्या प्रती पुसाव्यात, शक्य तेथे आधारक्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्यावी आणि बोटांचे ठसे आधार-व्यवस्थेत कुलूपबंद करण्याची सोय ग्राहकांना समजावून सांगावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही या जबाबदारीचीच जाणीव करून देतो.

मोठ्या संस्था सुरक्षित असतात असेही नाही. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. त्यातील बराच मोठा भाग बनावट कार्डांनी परदेशांतील एटीएममधून निघाला. चोरांनी तिजोरीला हात लावला नव्हता. व्यवहारांना होकार देणाऱ्या यंत्रणेलाच त्यांनी फसविले होते. दुकानात नेमके हेच लहान प्रमाणावर घडते. गिऱ्हाईक मोबाईलवर पैसे गेल्याचे चित्र दाखविते, घाईत मालक माल देतो आणि संध्याकाळी खात्यात काही नसते. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर विसंबू नये. आपल्या खात्यात जमा झाल्याचा संदेश वा आवाज आल्यावरच माल द्यावा. भिंतीवरील क्यूआर चित्रावर कोणी दुसरे चिकटविले नाही ना, हे सकाळी दुकान उघडताना पाहावे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही, हे दुकानातील पोराबाळांनाही पाठ असू द्या.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसण्यात सर्वाधिक नुकसान आहे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविल्यास पैसा पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता असते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेस कळवीपर्यंतची हानी त्याची आणि कळविल्यानंतरची बँकेची. म्हणजे येथे उशिराच्या प्रत्येक तासाला किंमत आहे.

हिशेबाच्या नोंदींची प्रत ठेवण्याविषयी एकच सांगतो. मूळ संगणकात, दुसरी वेगळ्या साधनावर आणि तिसरी दुकानाबाहेर, अशा तीन प्रती असाव्यात. कायम जोडून ठेवलेली हार्डडिस्क ही प्रत नव्हे, कारण विषाणू तिलाही जखडतो. वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून एखादा जुना हिशेब प्रत्यक्ष उघडून पाहावा. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे सांगता येत नाही.

हे सर्व एकट्या दुकानदाराला झेपेल का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. प्रत्येकाने वेगळा तंत्रज्ञ नेमणे परवडणारे नाही. परंतु दहा-बारा दुकाने, शाळा आणि ग्रामपंचायत यांनी मिळून एकाशी वार्षिक करार केला तर महिन्याची ठरलेली फेरी सहज परवडेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा संगणकचालक होऊन बाहेर पडलेल्या आपल्याच गावच्या तरुणास हे काम देता येईल. करारात मात्र येण्याचा दिवस, बदललेल्या भागांची पावती आणि जुना भाग परत देण्याची अट लिहून घ्यावी. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांकडून गावातील एकेका यंत्राचा वर्षभराचा खर्च लिहवून घेतला, तर गणिताचा तो चांगला पाठ होईल आणि दुकानदारालाही आयता ताळेबंद मिळेल.

पंचायत सदस्यांना दोन गोष्टी सुचवितो. अंदाजपत्रकात संगणक, पंप व दिवाबत्तीच्या साधनांच्या खरेदीसोबत दुरुस्तीची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली ठेवा. पाच टक्क्यांपासून आरंभ केला तरी चालेल, संगणकाला त्याहून अधिक लागेल. आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते तेव्हा कार्यभाराच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांप्रमाणेच संकेतशब्दांचाही उल्लेख करून, नवा अधिकारी रुजू झाला त्याच दिवशी ते सर्व बदलून घ्या. संकेतशब्द पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहिलेला असेल, तर बदलीची वाट न पाहता ते काम उद्याच करावे.