पाटीवरचे नाव



देवळाचा जीर्णोद्धार पुरा होत आला की प्रत्येक गावात एक प्रश्न उभा राहतो. शिखर झाले, कळस बसला, फरशी झाली, रंग झाला. आता सभामंडपाच्या भिंतीत देणगीदारांच्या नावांची पाटी बसवायची. मग कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली? रकमेप्रमाणे लावायची की भावकीप्रमाणे? ज्याच्याजवळ द्यायला पैसा नव्हता, पण ज्याने चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळूच्या पाट्या वाहिल्या, त्याचे नाव कुठे घालायचे? वर्गणी गोळा करताना जो वाद निघत नाही, तो पाटीच्या वेळी निघतो. देऊळ बांधताना एक झालेली माणसे पाटीवरून दुभंगलेली कित्येक गावांनी पाहिली आहेत.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. किंबहुना, तत्त्वज्ञानाचा पहिला धडा तिथेच सुरू होतो. तत्त्वज्ञान हा शब्द ऐकला की साधा माणूस दचकतो. ते पंडितांचे, शास्त्र्यांचे, मोठमोठ्या ग्रंथांचे काम, शेतकऱ्याला आणि चाकरमान्याला त्याचे काय, असे त्याला वाटते. परंतु तत्त्वज्ञानाचे मूळ प्रश्न फार थोडे आहेत आणि ते कोणाच्याही घरी न बोलावता येतात. बाप गेला, दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळा शिवेना, आणि काठावर बसलेल्या मुलाच्या मनात आले की कालपर्यंत जो ओसरीवर बसून हाक मारीत होता तो गेला कुठे? पीक हातातोंडाशी आले आणि पावसाने नेले, तेव्हा मनात आले की कष्ट माझे होते, मग पीक माझे का नव्हते? मी कोण, माझे काय, आणि माझ्यामागे काय उरणार, हे ते तीन प्रश्न. पाटीवरच्या नावाचा वाद म्हणजे याच तीन प्रश्नांनी घातलेला घोळ आहे.

कार्ल्याच्या माणसाला हे प्रश्न शिकायला काशीला जावे लागत नाही. त्याने मान वर करून वेहेरगावच्या डोंगराकडे पाहावे. एकवीरा आईच्या दर्शनाला चढणारा प्रत्येक भाविक त्या लेण्याच्या दारावरून जातो. चैत्राच्या यात्रेत कोळी-आगरी मंडळी पालख्या घेऊन गाजत-वाजत येतात, तीही त्याच दारासमोर येतात. आतले चैत्यगृह हे भारतातील डोंगरात कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वांत मोठे गणले जाते. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे ४५ फूट. आत ३७ खांब आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास, म्हणजे जवळजवळ २००० वर्षांपूर्वी, बौद्ध भिक्षूंसाठी ते कोरले गेले. त्या काळी या डोंगराला वलूरक म्हणत. छताला लावलेल्या सागवानी कमानी आजही जागेवर आहेत.

पण नुसती कारागिरी पाहून परतू नये. त्या भिंतींवर आणि खांबांवर नावे आहेत. गावच्या देवळात आज जी पाटी लागते, तशीच ती त्या काळची पाटी होय.

ती नावे कोणाची? वैजयंतीचा, म्हणजे आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासीचा, भूतपाल नावाचा एक श्रेष्ठी होता. हे शैलगृह आपण पुरे केले आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम आहे, असे त्याने मोठ्या अभिमानाने कोरून ठेवले. बाहेरचा सिंहस्तंभ एका महारथीने दिला. एक खांब सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, एका भिक्षूने दिला. धेनुकाकट नावाच्या गावचे बरेच दाते आहेत आणि त्यांच्यात स्वतःला यवन म्हणवणारे, म्हणजे परदेशी वंशाचे, कित्येक आहेत. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने एका दरवाजाचे दान दिले. आणि त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दार घडवले, म्हणून त्याचेही नाव त्याच्या बापाच्या नावासह तिथे आहे. एका भिक्षुणीने कठड्याच्या कोरीवकामाचे दान केले. तिची ओळख लिहिताना ती कोणाची आई हे लिहिले आहे आणि काम कोणी केले हेही लिहिले आहे.

पाहा, श्रेष्ठी, सरदार, भिक्षू, परदेशी, अत्तरवाला, सुतार, आई! कोणी पैसा दिला, कोणी हात दिले. सर्वांना जागा मिळाली. ज्याने पाट्या वाहिल्या त्याचे नाव कुठे घालायचे, या प्रश्नाचे उत्तर डोंगराने २००० वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

परंतु याच डोंगराने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती अधिक कठीण आहे. ही नावे ब्राह्मी लिपीत आहेत. काळाच्या ओघात ती लिपी लोक विसरले. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडेपर्यंत कित्येक शतके ही नावे कोणालाही वाचता येत नव्हती. दगडात खोल कोरलेली अक्षरे तशीच होती, पण वाचणारा नव्हता. भूतपालाचा अभिमान भिंतीवर होता आणि समोरून जाणाऱ्या गुराख्याला त्या नुसत्या रेघा दिसत होत्या. मग त्या दानाचे काय झाले? काही बिघडले नाही. पावसात सापडलेला वाटसरू आत शिरला आणि कोरडा राहिला. नाव मुके झाले, निवारा बोलत राहिला. नाव टिकावे म्हणून दगड निवडला जातो, पण दगडालाही ते ओझे शेवटपर्यंत पेलत नाही. दान मात्र पेलते.

राजांचेही तेच झाले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी एक गाव दान दिले होते. मावळातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना, वर्षाकाळ डोंगरावर काढणाऱ्यांना धान्याची सोय का लागते, हे सांगायला नको. पुढे सातवाहनांनी नहपानाचे राज्य मोडले. नाशिकजवळ सापडलेल्या त्याच्या नाण्यांवर त्यांनी आपला शिक्का मारला. पण कार्ल्याच्या भिंतीवर सातवाहन राजाची आज्ञा आहे, मामलच्या अमात्याला दिलेली, की भिक्षूंचे गाव भिक्षूंकडेच राहावे. मामल म्हणजेच मावळ. शत्रूचे नाणे बदलले, शत्रूचे दान राखले. राज्य कोणाचे, हा प्रश्न तलवारीने सुटला. दान कोणाचे, हा प्रश्नच उरला नाही, कारण एकदा दिलेले कोणाचेच नसते.

दान आणि जीवनाचे मोठे प्रश्न यांचे नाते फार जुने आहे. कठोपनिषदाची कथा अनेकांना ठाऊक असेल. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व द्यायचे ठरवले आणि गाई काढल्या त्या म्हाताऱ्या, आटलेल्या, चारापाणी संपलेल्या. लहानग्या नचिकेताला ते पाहवेना. त्याने विचारले, बाबा, मला कोणाला देणार? पुन्हा पुन्हा विचारल्यावर बाप चिडून म्हणाला, यमाला! पोरगा यमाच्या दारी गेला, तीन रात्री उपाशी बसला, आणि तिसरा वर मागताना त्याने विचारले की माणूस मेल्यावर कोणी म्हणतात तो आहे, कोणी म्हणतात नाही, खरे काय ते सांग. यमाने त्याला धन, गाई, घोडे, दीर्घायुष्य, सारे देऊ केले. त्याने नाकारले. एवढ्या मोठ्या उपनिषदाचा आरंभ एका कंजूष दानापासून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घरात जे नको झाले ते देवाला, अशी वृत्ती असेल तर घरातले लेकरूच एक दिवस प्रश्न विचारते.

आता डोंगर उतरून नदीकडे यावे. कार्ल्याच्या रानातून वाहणारी इंद्रायणी पुढे देहूला जाते, देहूहून आळंदीला, तुळापूरला भीमेला मिळते आणि तेच पाणी चंद्रभागा होऊन पंढरीच्या वाळवंटात पोचते. मावळाने आपले पाणी जिथे पाठवले, तिथे तिथे हेच प्रश्न विचारणारी माणसे भेटतात.

देहूला तुकोबा होते. घरी महाजनकी, दुकानदारी, देणेघेणे, सारे ठीक होते. १६३० च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. धंदा बुडाला, गुरे गेली, पहिली पत्नी भुकेने गेली, मूल गेले. पुस्तक वाचून नव्हे, रिकाम्या चुलीसमोर तुकोबांना विचारावे लागले की मग माझे म्हणून काय होते? त्यांचे अध्यात्म असे सुरू झाले. आणि त्यानंतर त्यांनी पहिल्यांदा केलेल्या गोष्टींपैकी एक कोणती? गावातले पूर्वजांचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते त्यांनी कष्टाने दुरुस्त केले. ही आठवण त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात नोंदवून ठेवली आहे. तो जीर्णोद्धार करणाऱ्याजवळ पैसा नव्हता. दिवाळे निघालेला तो गृहस्थ होता.

परंपरा पुढे सांगते की वडिलांच्या वेळेपासूनची कर्जखते त्यांनी काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, कारण भावाचा हक्क आपल्याला बुडवता येणार नाही, आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. इथे विवेक पाहावा. स्वतःचे ते सोडले, दुसऱ्याचे ते त्याच्या हाती दिले. भावाचा वाटा परस्पर देवाला वाहिला नाही. दान करताना हा हिशेब चुकू नये.

आता कोणी विचारील, खरे उत्तर कोणाचे? भिक्षू सांगत की कायम टिकणारा असा 'मी' कुठे नाहीच, सारे क्षणाक्षणाला बदलते. उपनिषद सांगते की देह जातो, आत्मा मरत नाही. वारकरी म्हणतो की मला मोक्षही नको, देव असावा आणि त्याचे नाव घ्यायला मी असावा. ही तीन उत्तरे एकच आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ती वेगळी आहेत, त्यांच्यावर शतकानुशतके वाद झाले आणि पुढेही होतील. मात्र रोजच्या वागणुकीत ती तिन्ही माणसाला एकच काम सांगतात, ते म्हणजे 'माझे' ही मूठ सैल कर. ज्याला शेवटचे उत्तर सापडलेले नाही त्यालाही हे काम आजपासून करता येते. म्हणून साध्या माणसाने उत्तराची वाट पाहत बसू नये.

मावळात या कामाची आज विशेष गरज आहे. ज्या वावरात इंद्रायणी तांदूळ डोलत होता तिथे कित्येक ठिकाणी बंगल्यांची कुंपणे उभी आहेत. सातबारावरचे नाव एका सहीने बदलते. आजोबांनी ज्या बांधासाठी भावाशी जन्मभर अबोला धरला, तो बांध नातवाच्या डोळ्यांदेखत सपाट होतो. पैसा आला, तोही जातो. अशा वेळी गावात सर्वांचे म्हणून जे थोडे उरते, त्यात देऊळ आहे.

आणि म्हणूनच एक सावधगिरी हवी. घर माझे, शेत माझे, हे सुटले तरी 'देऊळ माझे' हे सहज सुटत नाही, कारण त्याला पुण्याचा वास असतो. पंढरपूरला महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. ज्यांना आत येऊ दिले नाही त्यांची ती जागा पायरीशीच राहिली आहे. ते दार सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. देवाच्या दाराला कुलूप घालणारे वाईट होते असे नाही. देऊळ आपले आहे अशी त्यांची खात्री होती, एवढेच. ज्या डोंगरावर परदेश्याचे आणि सुताराचे नाव एका छताखाली आहे, त्याच्या पायथ्याशी तरी असे कधी होता कामा नये.

सारांश, पाटी जरूर लावावी. नाव कोरण्यात पाप नाही. पुढच्या पिढीला कळावे की ही वास्तू आकाशातून पडली नाही, तिच्यामागे माणसे होती. परंतु नाव वर की खाली, यावरून मन कडू होऊ लागले तर त्या गृहस्थाने एक दिवस सवड काढून डोंगर चढावा, आईचे दर्शन घ्यावे, मग शेजारच्या चैत्यात जाऊन खांबावरची अक्षरे बोटाने चाचपून पाहावी. ती त्याला वाचता येणार नाहीत. तेवढ्यात बाहेर पाऊस आला तर तो मात्र भिजणार नाही.

जीर्णोद्धार झालेले हे देऊळही पुन्हा जीर्ण होईल. कळस काळवंडेल, पाटीवरचा रंग उडेल, आणि आज मांडीवर असलेली मुले म्हातारी होऊन वर्गणीसाठी दारोदार फिरतील. तेव्हा त्यांना दार उघडणारी माणसे गावात असावीत, आणि देवळाच्या उंबऱ्यावरून कोणी मागे परतलेला नसावा, एवढी कृपा देवाने करावी.