आमच्या देवळात येताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. भरतकाम, लोणची, फार तर नाताळच्या करंज्या, एवढ्यावर मी चार शब्द सांगू शकते. पण भाषण म्हटले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, आम्ही दर नाताळात तुमच्याकडे फराळाला येतो, पण तुमच्या चर्चमध्ये काय चालते ते आम्हांला ठाऊक नाही. तेवढेच सांगा." हे मात्र मला नाकारता येईना. का, ते पुढे सांगेन.

पहिली गोष्ट, तुम्ही चर्च म्हणता, आम्ही घरात देऊळच म्हणतो. "देवळाची घंटा झाली, आटपा लवकर," असेच माझ्या सासूबाई ओरडायच्या. माझे माहेर नगरचे. आता अहिल्यानगर म्हणायचे. तिथे अमेरिकन मराठी मिशनची मंडळी 1833 सालापासून आहे. तेव्हा आमची उपासना म्हणजे काही काल-परवा साहेबाने आणून ठेवलेली वस्तू नव्हे. भाषा मराठी, पदे मराठी, आणि पेटी-तबल्यावर बोट पडले की ताल धरणाऱ्या बायाही मराठीच!

आता तुम्ही एखाद्या रविवारी सकाळी आलात असे समजा. दारात कोणी तरी उभे असते. ते "सलाम" म्हणतील. तुम्ही नमस्कार करा, काही बिघडत नाही. चपला काढायच्या की नाही हा सर्वांत अवघड प्रश्न! खेड्यांतल्या पुष्कळ देवळांत बाहेर काढतात, शहरांत बहुधा पायांतच असतात. दाराशी चपलांचा ढीग दिसला तर काढाव्या, नाही तर नाही. पुष्कळ बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेतात. तुम्ही नाही घेतलात तर कोणी बोलणार नाही. कुंकू लावून, मंगळसूत्र घालून यायला हरकत नाही. मंगळसूत्र तर आमच्याही गळ्यात असते, काहींच्या वाटीच्या जागी क्रूस असतो एवढेच. मोबाईल तेवढा बंद करा. आमच्याकडे तो नेमका प्रार्थनेतच वाजतो, आणि बहुधा पंचाच्या खिशात.

जुन्या देवळांत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. मागच्या बाकावर बसलात म्हणजे बरे. पुढचे लोक उठले की उठायचे, बसले की बसायचे. साधारणपणे गाण्याला उभे राहतात, वाचनाला बसतात, आणि प्रार्थनेला मान खाली घालतात किंवा गुडघे टेकतात. तुम्ही नुसत्या शांत बसून राहिलात तरी चालते.

गाण्याचे पुस्तक शेजारीण आपणहून पुढे करील. 'उपासनासंगीत' त्याचे नाव. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे पुष्कळ. हे टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि ओवी त्यांनी टाकली नाही. उलट ती देवळात आणली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तुम्हां सर्वांच्या ओळखीच्या. 'स्मृतिचित्रे' आपल्या वाचनवर्गात झाले आहे. त्या घरातले गाणे आमच्या बाकांवर आजही चालू आहे म्हटले तर तुम्हांला परके वाटू नये.

गाण्यानंतर पवित्र शास्त्राचे वाचन. एक उतारा जुन्या करारातला, एक नव्या करारातला. वाचायला पुष्कळदा एखादी बाईच उभी राहते. इथे थोडे विषयांतर करते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले. 1922 साली त्या वारल्या. केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यात त्यांनी आसरा दिलेल्या स्त्रिया आणि मुली स्वतः खिळे जुळवून ते भाषांतर छापीत होत्या. आपल्या मंडळाने यंदा शिवणयंत्रे घेतली तर केवढा गाजावाजा केला. त्या बायांनी एवढा मोठा ग्रंथ छापला! असो.

मग उपदेश. पाळकसाहेब वीस मिनिटे म्हणतात आणि चाळीस घेतात. या वेळी लहान मुले घेऊन बाहेर गेलात तर कोणी रागावत नाही, आम्हीही तेच करतो. त्यानंतर अर्पण. ताट किंवा थैली फिरते. पाहुण्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही; सरळ पुढे द्यावी. मग सूचना : कोण आजारी आहे, कोणाचे लग्न ठरले आहे, कोणाकडे प्रार्थनासभा आहे. मला विचाराल तर सारे गाव कळते ते इथे. शेवटी आशीर्वाद, आणि दीड तासात तुम्ही मोकळ्या.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो तुम्ही मला तोंडावर विचारीत नाही. "तिथे काही खाल्ले, पाणी अंगावर पडले, तर आपण ख्रिस्ती होतो का?" भगिनींनो, तसे होत नाही. बाप्तिस्मा हा चुकून व्हायचा विधी नव्हे. मोठ्या माणसाला तो हवा असेल तर आधी शिकवण घ्यावी लागते, आणि सर्वांसमक्ष स्वतःच्या तोंडाने कबुली द्यावी लागते. प्रभुभोजन असते, पुष्कळ ठिकाणी महिन्याच्या एका रविवारी. त्या वेळी भाकरीचा लहानसा तुकडा आणि द्राक्षरस देतात. तो बाप्तिस्मा घेतलेल्यांनीच घ्यायचा असतो. लोक उठून पुढे जाऊ लागले की तुम्ही जागेवर बसून राहा. तो तुमचा अपमान नाही, आणि तुम्ही बसून राहिलात म्हणून आमचाही नाही. उपासनेनंतर बाहेर चहा आणि बिस्किटे मिळतात, ती मात्र खुशाल घ्या. तो नुसता चहा आहे.

वसईकडच्या कॅथलिक देवळात गेलात तर थोडे निराळे दिसेल. दाराशी पवित्र पाणी, मरियामातेची मूर्ती, मेणबत्त्या, आणि उपासनेला मिस्सा म्हणतात. पूर्वी ती लॅटिनमध्ये होई. 1962 ते 1965 या काळात रोमला मोठी धर्मपरिषद भरली, तेव्हापासून ती लोकांच्या भाषेत आली. तिथेही पाहुण्याने मागे बसावे आणि कम्युनियनला उठू नये, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आता मी हे का सांगते ते सांगते.

माझ्या सासूबाई आषाढात गेल्या. आमच्या शेजारी एक काकू राहतात. आज त्या इथे बसल्या आहेत, आणि त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. सासूबाईंची आणि त्यांची वीस वर्षांची मैत्री. एकीच्या घरचे लोणचे दुसरीच्या बरणीत, एकीचे दळण दुसरीच्या मुलाने आणायचे. सासूबाईंची शवपेटी देवळात वेदीपुढे ठेवली होती. बाहेर पाऊस कोसळत होता. मी सारखी मागे वळून पाहत होते. सारी आळी आली, काकू दिसल्या नाहीत. मनात म्हटले, वीस वर्षांची माया, पण परक्या देवळाची पायरी चढवली नाही. त्या नाताळात त्यांच्याकडे फराळाचे ताट गेले नाही. त्यापुढच्याही नाताळात गेले नाही. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. जिन्यात भेट झाली की दोघी खाली पाहून जात होतो.

दोन वर्षांनी याच सभागृहात हळदीकुंकवाच्या दिवशी आम्ही दोघी वाटाणे सोलायला शेजारी शेजारी बसलो. एकदम त्या म्हणाल्या, "मी आले होते हो. फाटकाजवळ कडुनिंबाखाली उभी होते. आत यावे की नाही कळेना. चपला काढाव्या का, कुठे बसावे, कोणी विचारले तुम्ही कशा आलात तर काय सांगावे? हार आणला होता. गाणे ऐकू येत होते. तुम्ही सगळे मागच्या दाराने स्मशानाकडे निघालात, मग मी हार फाटकाला अडकवला आणि घरी आले."

तो हार मी पाहिला होता. भिजून चिखलात लोंबत होता. मला वाटले, पोरांनी कुठून तरी आणून टाकला असेल.

त्या दिवशी वाटाणे कोणी सोलले मला आठवत नाही.

म्हणून आमच्याकडच्या अंत्यविधीचे थोडे जास्त सांगते. कोणीही आत यावे, चालत्या प्रार्थनेतही यावे. हार-फुले चालतात, ती पेटीजवळ नेऊन ठेवावी. पांढरे लुगडेच हवे असे नाही. शेवटचे दर्शन घ्यायला रांग लागते, तीत उभे राहावे. दफनभूमीवर पाळकांची प्रार्थना झाली की घरचे लोक मूठमाती देतात, आणि मग येईल तो देतो. तिथे नाते किंवा धर्म विचारीत नाहीत. काकूंना ती मूठमाती देता आली असती. सासूबाईंनाही ती हवी असती, हे मी जाणते.

चूक एकट्या काकूंची नव्हती, हेही बोलले पाहिजे. आम्ही दारात माणूस ठेवतो, पण फाटकाकडे पाहत नाही. आमच्यांतही बाक अडवून बसणाऱ्या बायका आहेत. एका नवख्या बाईला "ही माझी रोजची जागा" म्हणून उठवलेले मी डोळ्यांनी पाहिले, आणि तेव्हा मी गप्प बसले. ती बाई पुन्हा आली नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. पहिल्यांदा यायचे तर नाताळचा दिवस निवडू नका. गर्दीत तुम्हांला काही दिसणार नाही, आणि आम्हांलाही तुमच्याकडे पाहायला सवड नसते. साधा रविवार बरा. नाही तर हंगामाच्या सणाला या. लोक शेतातले धान्य, भोपळे, अंडी, क्वचित जिवंत कोंबडी घेऊन वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एका भोपळ्यासाठी दोन सभ्य गृहस्थ कसे हट्टाला पेटतात ते पाहण्यासारखे असते. कोंबडी सुटली तर अधिकच.

येत्या रविवारी काकू माझ्याबरोबर येणार आहेत. पहिली घंटा पावणेनऊला होते. आणखी कोणाला यायचे असेल तर कडुनिंबाखाली थांबू नका. मी फाटकातच उभी असेन.