मुक्त प्रणालींची घडण

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामध्ये राहून मेमरी, फाइली व जोडलेली साधने यांची व्यवस्था पाहणारी जी आज्ञावली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती मुक्त आहे असे म्हणताना ती फुकट मिळते एवढाच अर्थ अभिप्रेत नसून, तिचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर, कोणालाही पाहता, बदलता व इतरांना देता येतो, हे तिचे खरे लक्षण होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच हक्कासाठी. आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिहिलेला लिनक्स हा प्रणालीचा गाभा पुढच्याच वर्षी ग्नूच्या परवान्याखाली आल्याने त्या प्रकल्पातली मोठी उणीव भरून निघाली.

परंतु एके ठिकाणी हात लावताच दुसरीकडे काही मोडत असेल, तर बदलण्याचा हक्क परवान्यात लिहिलेला असूनही व्यवहारात निरुपयोगी ठरतो. म्हणूनच बेल लॅबोरेटरीजमध्ये 1969 पासून घडलेल्या, स्वतः मुक्त नसलेल्या युनिक्सची रचना या प्रणालींनी स्वीकारली, ही गोष्ट परवान्याइतकीच मोलाची आहे. एका साधनाने एकच काम नीट करावे आणि त्याचे फलित शक्यतो साध्या मजकुराच्या रूपात द्यावे, हा त्या रचनेचा दंडक. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्प्सन यांनी 1973 साली तिच्यात पाइपची, म्हणजे एका प्रोग्रामचे फलित थेट दुसऱ्याकडे पोचवण्याची सोय केली. त्यामुळे एक प्रोग्राम फाइलीतून हव्या त्या ओळी निवडतो, दुसरा त्या क्रमाने लावतो, तिसरा मोजतो, आणि तिघांपैकी कोणालाही उरलेल्या दोघांची अंतर्गत रचना ठाऊक असावी लागत नाही.

हे तत्त्व सर्वत्र पाळले गेले असे मात्र नाही. लिनक्सचा गाभा एकसंध असल्याबद्दल अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी 1992 मध्ये कडक टीका केली होती आणि ती निराधार नव्हती. गरजेनुसार जोडता-काढता येणारे मॉड्यूल पुढे आले, तरी गाभा एकसंधच राहिला.

मराठीला या विभागणीचा थेट लाभ झाला आहे. ग्नूच्या गेटटेक्स्ट या साधनामुळे पडद्यावर दिसणारी वाक्ये कोडपासून वेगळ्या फाइलीत राहतात, आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही त्यांचे भाषांतर करता येते. ग्नोम व केडीई या डेस्कटॉपांची मराठी रूपे अशाच श्रमांतून तयार झाली. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर वाक्यांची भर पडत असल्याने हे काम कधीच संपत नाही, तेव्हा उत्तम मराठी लिहिणाऱ्या श्रोत्यांनी त्याला अवश्य हातभार लावावा.