कंबरेचं माप कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरातील भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



माझी ओळख करून देताना ताईंनी 'मानसिक आरोग्यातल्या तज्ज्ञ' असं म्हटलं. तेवढं मागे घ्या. मी एम. एस. डब्ल्यू. केलेली कार्यकर्ती आहे, डॉक्टर नाही. आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी बायकांची कंबर मोजता मोजता शिकले.

शिक्षण संपल्यावर पहिली नोकरी मिळाली ती एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या संशोधन प्रकल्पात. मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका किती, हे पाहायचं होतं. रुग्णाचं वजन करायचं, रक्तदाब घ्यायचा, उपाशीपोटी रक्त द्यायला आणायचं, प्रश्नावली भरायची, आणि कंबरेचा घेर मोजायचा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. पुस्तकात सोपं आहे. प्रत्यक्षात निऱ्या आणि परकराची नाडी नेमकी तिथेच येते, खोलीला पडदा नाही, आणि दारात नवरा उभा. "हे कशाला मोजता, बाई?" असं जवळजवळ प्रत्येकीनं विचारलं. "अभ्यासासाठी" असं मी सांगायची. कोणाच्या अभ्यासासाठी, हे मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

त्यातली एक बाई पस्तिशीची. कानात आवाज येत, रात्र रात्र झोप नाही, म्हणून भावानं आणली होती. ओलान्झापिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गुण आला, हे खरंच सांगायला हवं. आवाज थांबले, ती पुन्हा स्वयंपाकाला लागली. पण वर्षभरात वजन १४ किलोंनी वाढलं. ब्लाउज उसवून उसवून शिवण संपली. भूक आवरत नसे, आणि सासू सगळ्यांसमोर भाकऱ्या मोजी. नवरा म्हणाला, "आधी वेडी होतीस, आता वेडी आणि जाडी." तिनं गोळ्या लपवून टाकून द्यायला सुरुवात केली. मला ते कळलं तेव्हा मी तिच्या कागदावर लिहिलं : 'औषधे नियमित घेत नाही. आजाराची जाण कमी.' अक्षर माझंच आहे.

पुढे तिला सारखी तहान लागू लागली, रात्री पाच-पाचदा उठावं लागे. घरच्यांनी तेही वेडातच जमा केलं. पायाची जखम दोन महिने भरेना, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी साखर तपासली आणि मधुमेह निघाला. ती चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली. मी प्रकल्पाची फाईल काढली. चार महिन्यांपूर्वीची उपाशीपोटीची साखर तिथे लिहिलेली होती, १८६. आकडा संगणकात गेला होता, तक्त्यात बसला होता. रुग्णाला सांगितलं का, असा रकानाच आमच्या फॉर्मवर नव्हता. आणि रकाना नाही म्हणून मला ते सुचलं नाही, याची लाज मला अजून वाटते.

यात तिचा आळस किती, जिभेचे चोचले किती, असं आपल्यातल्याही काहीजणींच्या मनात येत असेल. म्हणून एक अभ्यास सांगते. अमेरिकेत ५७ ठिकाणच्या १,४९३ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर 'केटी' नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली आले. ओलान्झापिन घेणाऱ्यांचं वजन सरासरी महिन्याला २ पौंड, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम वाढत होतं. दर १० जणांपैकी ३ जणांचं वजन ७ टक्के किंवा त्याहून जास्त वाढलं. आणि ऐका, कुठलंही औषध दिलं तरी एकूण ७४ टक्के रुग्णांचं ते औषध १८ महिन्यांच्या आत बंद झालं किंवा बदललं. गुण न आल्यामुळे, त्रास झाल्यामुळे, किंवा स्वतःच नको म्हणाल्यामुळे. चौघांत तिघे! म्हणजे माझ्या त्या बाईची 'जाण कमी' नव्हती.

चाचणी सुरू होतानाच या रुग्णांची तपासणी झाली होती. वाढलेली कंबर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी आणि चांगल्या कोलेस्टेरॉलची कमतरता, या पाचांतल्या निदान तीन गोष्टी एकत्र असल्या की डॉक्टर त्याला चयापचयाचा दोष धरतात. तो पुरुषांत ३६ टक्के निघाला, स्त्रियांत ५१.६ टक्के. आणि त्या चाचणीत स्त्रिया होत्या किती, तर जेमतेम एक चतुर्थांश. ज्यांना धोका जास्त त्याच मोजणीत कमी. ही जुनी रीत आहे. १९७७ साली अमेरिकेच्या औषध खात्यानं मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूरच ठेवायला सांगितलं होतं, आणि ते बदलायला १९९३ उजाडलं. आणखी एक. तिथे बाईच्या कंबरेची मर्यादा ८८ सेंटिमीटर धरली होती. आपल्याकडच्या बायकांसाठी ती ८० धरतात, कारण आपल्या अंगकाठीत कमी वजनावरही पोटाची चरबी आणि साखर वाढते. तेव्हा दिसायला बारीक म्हणजे सुरक्षित, असं धरू नका.

आता गोळ्या बंद करायच्या का? मुळीच नाही. हे वाक्य तुमच्या वस्तीत जसंच्या तसं न्या. गोळी एकदम सोडली की आजार उलटतो, आणि उलटलेल्या आजारात बाईचं घर, मुलं, सगळंच पणाला लागतं. पण सोसत राहणं हाही उपाय नव्हे. औषध बदलता येतं, मात्रा कमी करता येते, ते डॉक्टरांनी करायचं. चीनमध्ये १२८ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत (२००८) मेटफॉर्मिन ही मधुमेहाची साधी, स्वस्त गोळी आणि आहार-व्यायाम असं दोन्ही दिलं, तेव्हा वाढलेलं वजन सगळ्यांत चांगलं उतरलं. व्यायामाबद्दल मात्र मला हसू येतं. "रोज अर्धा तास फिरायला जा," असं ओपीडीत सांगतात. ज्या बाईला दळण आणायलाही विचारून जावं लागतं, ती फिरायला कोणाला सांगून जाणार? आमच्या वस्तीत शेवटी भजनाला जायच्या वाटेवर दोन फेऱ्या जास्त मारायच्या असं ठरलं. भजनाला कोणी नाही म्हणत नाही.

पाळीचंही बोलायला हवं. रिस्पेरिडोनसारख्या काही गोळ्यांनी पाळी थांबते. घरात दिवस गेल्याची कुजबुज सुरू होते, किंवा नवऱ्याला संशय येतो. आणि पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असंही नाही. हे कोणी आधी सांगत नाही. विचारायला लाज वाटते, आणि डॉक्टरांसमोर रांग मोठी.

उलट दिशेनंही तेच. मधुमेह असलेल्या बाईला नैराश्य येतं, आणि नैराश्यात साखर हाताबाहेर जाते. आपल्या देशात ४ मधुमेह-दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०२० साली प्रसिद्ध झाली. नैराश्य आणि मधुमेह दोन्ही असलेले हे रुग्ण. अर्ध्यांच्या मागे एक समन्वयक दिला, जो डॉक्टर नव्हता. तो विचारपूस करी, आकडे पाही, तज्ज्ञांशी बोले. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्यानं उतरून शिवाय साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही सुधारलं, असे लोक या गटात ७१.६ टक्के निघाले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५७.४ टक्के. डॉक्टर नसलेला माणूस, म्हणजे तुम्ही आणि मी करतो तेच काम.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाला उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम कळेल अशा भाषेत सांगण्याचा हक्क दिलेला आहे. स्वतःचे वैद्यकीय कागद मागण्याचाही आहे. संशोधनात घ्यायचं तर समजून दिलेली संमती लागते. पण कागद मागताना जपून. नवऱ्याच्या हातात ते पडले तर घटस्फोटाच्या अर्जाला जोडले जातात, हे मी दोनदा पाहिलं आहे. कागद कुठे ठेवायचे ते बाईला ठरवू द्या. आमच्याकडे काहीजणींचे कागद संस्थेच्या कपाटात आहेत.

तर गोळी सुरू होताना वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबी एकदा तपासून घ्या, तीन महिन्यांनी वजन, रक्तदाब आणि रक्ताच्या तपासण्या पुन्हा करायला सांगा, आणि आकडा बाईच्या स्वतःच्या वहीत लिहा. साधी चाळीस पानी वही चालते.

ती बाई आता दर महिन्याला येते. औषध बदललं, साखर बरीच ताब्यात आहे, वजन सगळं उतरलेलं नाही. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिनं १८६ लिहून ठेवलंय आणि शेजारी तारीख, आमच्या फाईलमधली. गेल्या महिन्यात ओपीडीत एक नवीन मुलगी टेप घेऊन तिच्याजवळ आली, तेव्हा तिनं हात वर केले नाहीत. आधी वही पुढे केली आणि म्हणाली, "इथं लिहा, मग तुमच्यात लिहा."