दहा लाख सह्या

सही करणे ही तशी किती किरकोळ गोष्ट! टपालाच्या पावतीवर, बँकेच्या चेकवर, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर माणूस सही करतो आणि विसरून जातो. परंतु जेथे एका पुरुषाच्या साक्षीच्या तोलाला कित्येक बाबतींत दोन स्त्रियांची साक्ष लागते, तेथे स्त्रीने स्वतःच्या हाताने केलेली सही किरकोळ राहत नाही. इराणमधील काही स्त्रियांनी २००६ साली अशा दहा लाख सह्या मिळविण्याचा संकल्प सोडला. त्या संकल्पाची हकीकत आधुनिक काळातील स्त्री-चळवळीचे बळ दाखविते आणि तिच्या मर्यादाही दाखविते.

१२ जून २००६ रोजी तेहरानमधील हफ्त-ए-तीर चौकात स्त्रिया समान कायद्याची मागणी करण्यासाठी जमल्या. पोलिसांनी सभा उधळली. अनेकांना अटक झाली. चौक बंद झाला, तर दाराशी जावे, असा विचार मग पुढे आला. २७ ऑगस्टला मोहिमेचा प्रारंभ व्हावयाचा होता. ऐन वेळी सभागृहाची दारे उघडली गेली नाहीत. जमलेल्या स्त्रियांनी रस्त्यावरच उभे राहून आपली घोषणा वाचली.

त्यांची मागणी विवाह, घटस्फोट, मुलांचा ताबा, वारसा, साक्ष आणि नागरिकत्व यांविषयीचे कायदे बदलण्याची होती. फौजदारी जबाबदारीचे वय मुलासाठी १५ चांद्र वर्षे आणि मुलीसाठी अवघी ९! मृत्यूची भरपाई म्हणून द्यावयाची रक्कम स्त्रीच्या बाबतीत पुरुषाच्या निम्मी! ही मागणी धर्माच्या विरुद्ध नाही, असे या स्त्रियांचे आग्रहाचे म्हणणे होते. २००३ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळविणाऱ्या विधिज्ञ शिरीन एबादी यांचा त्यांना पाठिंबा होता. दहा लाखांचा आकडा त्यांनी घेतला तो मोरोक्कोहून. तेथील स्त्रियांनी १९९२ साली कौटुंबिक कायद्याच्या सुधारणेसाठी अशीच मोहीम काढली होती. १९९३ साली तेथे थोडी सुधारणा झाली आणि २००४ च्या कायद्याने मुलीचे लग्नाचे वय १८ केले. एका मुस्लिम देशात जे घडले, ते दुसऱ्यात का घडू नये?

कामाची रीत साधी होती. स्वयंसेविकेला आधी कायद्याचे शिक्षण द्यावयाचे. मग तिने बसमध्ये, बागेत, केशभूषागृहात, शेजारणीच्या घरी जावयाचे आणि बोलावयाचे. कायद्याचा स्त्रीच्या जीवनावर काय परिणाम होतो, हे सांगणारी एक लहानशी पुस्तिका हाती असे. सही मिळो वा न मिळो, पुस्तिका मात्र द्यावयाची, असा शिरस्ता होता. पुरुषही सह्या देत आणि गोळाही करीत.

परंतु या मोहिमेला ना कचेरी होती, ना छापखाना. इराणमध्ये स्त्रियांच्या नियतकालिकांची परंपरा जुनी आहे. ‘दानिश’ हे तेथील पहिले स्त्री-साप्ताहिक १९१० साली निघाले. १९९२ पासून चाललेले ‘झनान’ हे मासिक मात्र २००८ साली बंद पाडण्यात आले. अशा वेळी जागा उरली ती संकेतस्थळांची. ‘समतेसाठी परिवर्तन’ या अर्थाच्या फारसी नावाचे संकेतस्थळ हेच मोहिमेचे घर झाले. दूरच्या गावातील तरुणीला पुस्तिका आणि सहीचा नमुना तेथून मिळे. सह्या मागताना काय अनुभव आले, कोणी कसे झिडकारले, कोणी डोळे पुसत सही केली, हे स्वयंसेविका तेथे लिहीत. अटकेची बातमी इंग्रजीत व इतर भाषांत जाई आणि परदेशी वृत्तपत्रांपर्यंत पोहोचे.

सरकारनेही हे ओळखले. ते संकेतस्थळ वीसहून अधिक वेळा रोखण्यात आले. एक पत्ता बंद झाला की किंचित बदललेला दुसरा उघडे. ‘झनेस्तान’, म्हणजे स्त्रियांचा देश, हे दुसरे संकेतस्थळ २००७ साली कायमचे बंद झाले. त्याच्या संपादिका परवीन अर्दलान यांना स्वीडनचे ओलोफ पाल्मे पारितोषिक जाहीर झाले. पण २००८ च्या मार्चमध्ये ते स्वीकारण्यासाठी निघाल्या असता त्यांना विमानातून उतरविण्यात आले.

येथेच एक कठीण पेच उभा राहतो. जगाच्या लक्षामुळे तुरुंगातील स्त्री एकाकी राहत नाही, हे खरे. पण तेच लक्ष परकीयांशी संबंध असल्याचा पुरावा म्हणून तिच्याविरुद्ध वापरले जाते. संकेतस्थळावर लिहिलेले शब्द मैत्रिणीप्रमाणे तपास अधिकारीही वाचतो. राष्ट्रीय सुरक्षेला बाध आणल्याचे आरोप कित्येकींवर ठेवले गेले, ते याच लेखनावरून आणि सह्यांच्या कागदांवरून.

मग या खटाटोपाचे फळ काय? २००८ साली पहिल्या पत्नीच्या संमतीवाचून दुसऱ्या विवाहाची वाट मोकळी करणारे कलम संसदेपुढे आले. ज्येष्ठ कवयित्री सिमीन बेहबहानी यांच्यासह स्त्रियांचे शिष्टमंडळ संसदेत गेले आणि ते कलम मागे घ्यावे लागले. २००९ साली विधवेला पतीच्या जमिनीच्या किमतीत वाटा मिळाला. २०१९ साली इराणी मातेच्या परदेशी पित्यापासून झालेल्या मुलांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. हे सारे केवळ एका मोहिमेचे श्रेय नव्हे; पण या प्रश्नांची चर्चा घरोघर नेण्यात तिचा वाटा मोठा होता. २००९ च्या निवडणुकीनंतरच्या दडपशाहीत कार्यकर्त्या विखुरल्या, काहींना देश सोडावा लागला. दहा लाखांचा संकल्प अपुराच राहिला.

२०२२ च्या सप्टेंबरात महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि मुली हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आल्या. त्यांची घोषणा होती, ‘झन, झिंदगी, आझादी’. ती मूळ कुर्दी भाषेतली. मराठी माणसाला तिचा अर्थ सांगावा लागत नाही; जनाना, जिंदगी आणि आझादी हे शब्द त्याच्याही घरचेच आहेत. त्या मुलींपैकी कित्येकींच्या आयांनी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बसमध्ये कोणाकडून तरी एक लहानशी पुस्तिका घेतली असेल. सही केली असेल, वा भीतीने केलीही नसेल. पण पुस्तिका घरी गेली होती.